मुलाची जबानी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते त्यांनी आपली सारी हयात प्राथमिक शाळेत घालविली. आणि शाळा म्हणजे हजेरीपट, तपासणी आणि परीक्षेचा निकाल एवढेच मानले जाण्याच्या त्या काळात, मागच्या बाकावरचा मुलगा चार दिवस दिसला नाही तर संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन चौकशी करण्याचा त्यांचा परिपाठ होता, असे आज स्वतः आजोबा झालेले त्यांचे विद्यार्थी सांगतात. तेव्हा शाळकरी मुलांची मानसिक दुःखे आणि त्यांवरील उपचार हा विषय मी आजच्यासाठी का घेतला, याचे निराळे समर्थन करण्याची आवश्यकता पडू नये. मुलांशी बोलणे हाच माझ्या उपजीविकेचा उद्योग आहे, आणि त्या उद्योगातून जे दिसले तेवढेच मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रौढ माणूस मानसोपचारासाठी येतो तेव्हा तो, कुरकुरत का होईना, आपल्या पायांनी येतो. आपल्याला काहीतरी होत आहे, ते सोसवत नाही आणि त्याचा परिहार व्हावा, अशी त्याची स्वतःची तक्रार असते. मुलाचे तसे नाही. मूल आणले जाते. तक्रार असते ती आणणाऱ्याची, आणि ती बहुधा मुलाच्या समक्षच, त्याच्या दंडाला धरून, सांगितली जाते: अभ्यास करीत नाही, उलट बोलतो, वर्गात लक्ष नाही, आठ वर्षांचा घोडा झाला तरी अंथरूण ओले करतो, परवा धाकट्या बहिणीला चावला, शाळेत जायचे म्हटले की पोट धरून बसतो. केसपेपरवर मुलाचे नाव, वय आणि इयत्ता, व त्याखाली ही तक्रार उतरते. परंतु ज्याचे नाव वर लिहिले त्याला काय होते आहे, हे त्या कागदावर कोठेच नसते. म्हणजे फिर्याद दाखल झालेली आहे, फिर्यादी जातीने हजर आहेत, पुराव्यादाखल प्रगतिपुस्तक आणि वहीतील तांबडे शेरे जोडलेले आहेत. आणि आरोपी खुर्चीच्या कडेवर बसून, पाय हलवीत, भिंतीवरचे कॅलेंडर पाहत आहे. मला विचाराल तर आमच्या विद्येचा जवळजवळ सगळा अर्थ एवढ्यातच सामावलेला आहे की, या आरोपीची जबानी घ्यावयाची, ती त्याच्या भाषेत घ्यावयाची, आणि ती घेतल्यावर निकाल कोणाविरुद्ध लागतो हे पाहून दचकावयाचे नाही.

हा दृष्टान्त मी ओढूनताणून आणलेला नाही. बालमार्गदर्शनाच्या शास्त्राचा उगमच मुळी कोर्टकचेरीत आहे. १८९९ साली अमेरिकेतील शिकागो शहरी मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले, आणि किरकोळ चोरी केलेल्या बारा वर्षांच्या पोराला मुरलेल्या दरोडेखोराच्या शेजारी उभे करण्याची चाल निदान तेथे तरी बंद पडली. परंतु न्यायाधीशांपुढे लौकरच एक नवा पेच उभा राहिला: शिक्षा द्यावयाची नाही हे ठरले, मग द्यावयाचे काय? एकाच अपराधासाठी आणलेल्या दोन मुलांपैकी एक समज देऊन घरी पाठविल्यावर सुधारतो आणि दुसरा महिन्याच्या आत पुन्हा रुजू होतो, याचा उलगडा कायद्याच्या पुस्तकात सापडत नव्हता. तो शोधण्यासाठी १९०९ साली विल्यम हीली या वैद्याच्या हाताखाली एक संशोधनसंस्था निघाली. हीलीने मुलांची प्रकृती आणि दृष्टी तपासली, बुद्धिमापनाच्या कसोट्या लावल्या, घरी माणसे पाठवून चौकशी केली. आणि या सर्वांच्या जोडीला एक साधी गोष्ट अशी केली की, मुलाला आपली हकीकत आपल्या शब्दांत सांगू दिली व ती नोंदवून घेतली. १९१५ साली त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात जन्मजात गुन्हेगाराच्या तत्कालीन सिद्धान्ताला त्याने बहुतांशी रजा दिलेली आढळते. प्रत्येक मुलाच्या वर्तनामागे त्याच्यापुरता एक निराळाच कारणांचा गुंता असतो, आणि तो एकेका मुलाशी बसूनच सोडवावा लागतो, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे १९२२ पासून अमेरिकेत कॉमनवेल्थ फंड या निधीच्या द्रव्यसाहाय्याने अशी केंद्रे गावोगाव निघाली, आणि मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व समाजकार्यकर्ता या तिघांनी मिळून एका मुलाचा विचार करावा, ही पद्धत कायम झाली.

आपल्याकडेही वाट जवळजवळ हीच होती. १९२४ साली मुंबई इलाख्यात मुलांविषयीचा कायदा झाला, १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली, आणि ज्या डोंगरीच्या तुरुंगात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी एकशे एक दिवस काढले त्याच तुरुंगाच्या वास्तूत पुढे निराधार आणि वाट चुकलेल्या मुलांचे रिमांड होम आले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले म्हणून त्यांची हकीकत आपणांस ठाऊक आहे; त्याच भिंतींच्या आत नंतर जी हजारो मुले राहून गेली त्यांची हकीकत लिहून घेण्याचे काम करणारी माणसे तयार व्हावयास आणखी काही वर्षे लागली. १९३६ साली नागपाड्यात क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने समाजकार्याचे शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा यांच्या नावाची संस्था निघाली, आणि दुसऱ्याच वर्षी, १९३७ मध्ये, तिने बालमार्गदर्शनाचे केंद्र सुरू केले. देशातील अशा प्रकारचे ते पहिले केंद्र समजले जाते. म्हणजे हे खूळ अलीकडे मोबाईलबरोबर आले अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी ते आपल्या आजोबांच्या काळातले आहे हे ध्यानी घ्यावे.

इतिहास येथे पुरे करतो, कारण खरे सांगण्यासारखे आहे ते जबानी कशी घ्यावयाची याविषयी.

पाचवीतला एक मुलगा घ्या. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगतो. शाळेची वेळ जवळ आली की त्याच्या पोटात कळ येते, ओकारी येते, कधी खरोखरच उलटी होते. डॉक्टरांनी जंतांचे औषध देऊन पाहिले, सोनोग्राफी झाली, काही निघाले नाही. आणि काही निघाले नाही म्हणताच घरातला सूर बदलला, सोंग करतो म्हणून दोन धपाटे बसले. वस्तुतः कळ खरी असते. भीतीने आतडी आवळली जातात, मळमळते, हातपाय गार पडतात, हे आपणांपैकी ज्यांनी मुलाखतीच्या दाराबाहेर बाकावर वाट पाहिली असेल त्यांना शिकवावयास नको. या दुखण्याची खूण निराळीच असते: ते सोमवारी जोरात असते, रविवारी नसते, आणि शाळेची दुसरी घंटा होऊन गेली, आता काही आज कोणी पाठवीत नाही असे ठरले, की साडेअकराच्या सुमारास ओसरते. मुलगा शाळेला भितो, हे तर उघड झाले. मास्तर मारतात काय, वर्गातली पोरे छळतात काय, गणित येत नाही काय, हे सारे विचारून झाले. यातले काहीच नव्हते. तिसऱ्या खेपेला चित्रे काढता काढता जे बाहेर आले ते असे: मागल्या वर्षी तो शाळेत असताना आईला अकस्मात दवाखान्यात न्यावे लागले होते, तो घरी आला तेव्हा दाराला कुलूप होते, आणि शेजाऱ्यांनी ‘आई मामाकडे गेली आहे’ असे त्याला सांगितले होते. आठ दिवसांनी आई परत आली ती पांढरीफटक आणि जपून चालणारी. त्याला काय झाले ते कोणी सांगितले नाही. लहान आहे, त्याला कशाला, हा आपल्याकडचा मोठ्यांचा नेहमीचा विचार. मुलाने आपल्यापुरता अर्थ लावला: मी शाळेत गेलो म्हणजे आई जाते. तेव्हा तो शाळेला भीतच नव्हता. तो घरी पहारा करीत होता.

येथे उपचार म्हणून काय केले, ते बारकाईने सांगण्यासारखे आहे. कारण ‘समुपदेशन’ म्हणजे गोड शब्दांत केलेला उपदेश, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रथम आईला, मुलासमोर, आपले दुखणे काय होते आणि आता काय राहिले आहे ते साध्या शब्दांत सांगावयास लावले. मग शाळेत परतण्याच्या पायऱ्या ठरविल्या. पहिले दोन दिवस आईबरोबर फाटकापर्यंत जाऊन परत. मग पहिला तास बसून परत. मग मधल्या सुटीपर्यंत. मग पूर्ण दिवस, परंतु मधल्या सुटीत घरी एक फोन करण्याची मुभा. घरी राहिलेल्या वेळात टी.व्ही. आणि मोबाईल बंद, तथापि रागावणे नाही, मारणे नाही, शेजाऱ्यांपुढे थट्टा नाही. यांतील सर्वांत अवघड पायरी मुलाची नव्हती. अर्धवेळ बसणाऱ्या मुलाची हजेरी कशी मांडावयाची, हा प्रश्न मुख्याध्यापकांना पडला, आणि त्यांची समजूत घालण्यास मुलाची समजूत घालण्यापेक्षा अधिक वेळ लागला. वर्गशिक्षिका मात्र शहाण्या होत्या. त्यांनी दुसऱ्या तासाला खडू-डस्टर आणून देण्याचे काम त्याच्याकडे सोपविले, त्यामुळे त्याला दुसऱ्या तासापर्यंत थांबणे भाग पडले. घरी राहिलेला प्रत्येक दिवस परतणे कठीण करतो, कारण पळाल्याने जी सुटका वाटते तीच भीतीला खतपाणी घालते. यास्तव अशा प्रकरणी ‘थोडे दिवस राहू दे घरीच’ हा सर्वांत दयाळू दिसणारा सल्ला सर्वांत घातक ठरतो.

भीतीशी पायरीपायरीने वागण्याची ही रीत मेरी कव्हर जोन्स या बाईंनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखात मांडलेली आहे. पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला भीत असे. तो आवडीचे खात असताना पिंजऱ्यातला ससा लांबवर ठेवावा, आणि त्याची चित्तवृत्ती पाहून रोज थोडा जवळ आणावा, असा त्यांचा क्रम होता. मध्यंतरी पीटर आजारी पडून दवाखान्यात गेला, आणि परतताना एका मोठ्या कुत्र्याने त्याची घाबरगुंडी उडविली. झालेली प्रगती धुऊन गेली, आणि बाईंनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. शेवटी तो सशाला मांडीवर घेऊन खेळू लागला. कुत्र्याचा हा प्रसंग त्यांनी लेखातून गाळला नाही, याचे मला विशेष वाटते. आमच्या कामात हे कुत्रे वारंवार भेटते, आणि पालकांचा धीर सुटतो तो नेमका तेथे.

दुसरे प्रकरण अगदी निराळ्या धर्तीचे, आणि संख्येने पुष्कळच अधिक. तिसरी-चौथीतला मुलगा, तक्रार अशी की वर्गात मर्कटचेष्टा करतो, रोज वर्गाबाहेर उभा असतो. वर्गात जाऊन मागे बसून पाहिले असता एक गोष्ट ध्यानात आली. गणिताच्या तासाला हा शांत. मराठीच्या तासाला, बाई धड्याचा एकेक परिच्छेद रांगेने वाचावयास सांगत तेव्हा, आपली पाळी तीन मुलांवर येऊन ठेपली की याचे चाळे सुरू होत. पुढच्याच्या शर्टात कागद, शेजाऱ्याला चिमटा; आणि पाळी येण्यापूर्वी तो वर्गाबाहेर. त्याला वाचता येत नव्हते. ‘शेतकरी’ हा शब्द पहिले अक्षर पाहून तो ‘शेवटी’ असा ठोकून देई. वेलांट्या आणि मात्रा गाळी. जोडाक्षरापाशी येऊन थबके. बुद्धी उत्तम, तोंडी उत्तरे चोख, आणि वही पाहावी तर जणू कोणा दुसऱ्याचीच. चाळीस मुलांसमोर अडखळून हसे होण्यापेक्षा वाह्यात म्हणून बाहेर उभे राहणे त्याने पसंत केले होते, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. याला ‘अध्ययन अक्षमता’ म्हणतात. अशा मुलांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष इत्यादी सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये घेतला, आणि त्या बाबतीत आपले राज्य देशात अग्रेसर होते, ही अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. मात्र सवलतीचा दाखला हाती पडला की काम संपले असे पुष्कळांना वाटते, ते खरे नव्हे. त्याला वाचावयास शिकविणे, अक्षर आणि उच्चार यांची जोडी पुन्हा पहिल्यापासून हळूहळू बसविणे, हाच त्याच्या मनावरचा उपचार. त्याचे मन दुखावले होते ते वाचता न आल्याने; तेथे नुसते ‘तू हुशार आहेस’ म्हणून पाठ थोपटण्याचा उपयोग होत नाही.

जबानी त्याच्या भाषेत घ्यावी, असे मी म्हणालो. सात वर्षांच्या मुलाची भाषा म्हणजे मुख्यतः खेळ. लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२८ साली आपले चिकित्सालय उघडले, तेथे वाळूचे तबक आणि लहान लहान माणसे, जनावरे, घरे, झाडे यांनी भरलेले खण ठेवलेले असत. मुले त्यांतून जे मांडीत त्याला त्यांनी स्वतःच ‘जग’ असे नाव दिले, आणि बाईंनी तेच कायम केले. त्याच शहरी पॅडिंग्टन ग्रीनच्या बालरुग्णालयात सुमारे चाळीस वर्षे काम केलेले विनिकॉट हे वैद्य कागदावर डोळे मिटून एक वेडीवाकडी रेघ ओढीत आणि मुलापुढे सरकवीत. मुलाने तिचे काहीतरी करावयाचे, मग त्याने रेघ ओढावयाची आणि यांनी पुरी करावयाची. आपल्याकडे भातुकली घरोघर होती, आणि तीत सासूचा, बापाचा, मास्तरांचा जो पंचनामा होत असे तो ऐकणाऱ्या आज्यांना यातले पुष्कळ काही ठाऊक होते. फक्त त्या ते कोठे लिहून ठेवीत नसत.

परंतु येथेच एक धोका आहे, आणि तो आमच्याच लोकांचा. आमच्याकडे शिकाऊ म्हणून आलेल्या एका विद्यार्थिनीने एका मुलीचा बाहुल्यांचा खेळ पाहिला. मुलीने आई, आजी, दोन भावंडे चुलीभोवती मांडली आणि बापाची बाहुली पत्र्याच्या डब्यात घालून झाकण लावले. विद्यार्थिनीने दोन पाने टिपण लिहिले. त्यात पित्याविषयीचा सुप्त द्वेष, भय, आणखी न जाणो काय काय आले होते. मी तिला म्हटले, हे सारे असेल, पण तिला विचारा तर खरे. तिने विचारले. मुलगी म्हणाली, “बाबा ट्रकवर आहेत. शनिवारी येतात.” डबा ही ट्रकची केबिन होती. शनिवारी झाकण उघडले, आणि बाबा चुलीपाशी जेवावयास बसले.

आता निकालाकडे वळतो. जबानी पुरी झाल्यावर असे आढळते की, जो हुकूम काढावयाचा त्यातील पुष्कळसा भाग आरोपीवर बजावताच येत नाही. तो फिर्यादींवर बजवावा लागतो. हट्टी, आक्रस्ताळ्या मुलांची गोष्ट घ्या. किराणा दुकानात मूल चॉकलेट मागते, आई नाही म्हणते, मूल भोकांड पसरते, आई दटावते, ते जमिनीवर लोळण घेते, चार माणसे पाहू लागतात, आई चॉकलेट घेऊन देते आणि क्षणात शांतता होते. या व्यवहारात मूल शिकले की लोळण घेतल्याने चॉकलेट मिळते, हे सर्वांना दिसते. परंतु आईही शिकली की दिल्याने शांतता मिळते, हे दिसत नाही. जेराल्ड पॅटरसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने घराघरांत निरीक्षक बसवून हा उभयपक्षी करार वर्षानुवर्षे नोंदविला, आणि तो मोडावयाचा तर आरंभ मोठ्या माणसाकडून व्हावा लागतो हे दाखविले: जे द्यावयाचे ते रडण्यापूर्वी द्यावे, जे द्यावयाचे नाही ते रडल्यावरही देऊ नये, आणि मूल शहाण्यासारखे वागत असते त्या वेळी त्याच्याकडे ढुंकूनही न पाहण्याची जी आपली चाल आहे ती सोडावी. सांगावयास सोपे, आणि करावयास इतके दुष्कर की आईवडिलांना त्याचा सराव आमच्या डोळ्यांदेखत करावा लागतो. ‘आईवडील’ हा शब्द मी सवयीने वापरला. येते ती आई. वडिलांना रजा नसते, आणि मूल बिघडले ते आईच्या लाडाने, हा त्यांचा निर्णय त्यांनी तिच्याबरोबरच धाडून दिलेला असतो.

शिक्षकांविषयी कठोर बोलण्यास जीभ धजत नाही, कारण जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत आणि खिचडीच्या हिशेबापासून ऑनलाइन माहितीच्या रकान्यांपर्यंत सर्व कामे त्यांच्या माथी आहेत. तरीही २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केलेली आहे, हे सांगितले पाहिजे; छडी पुष्कळ शाळांतून गेली, जीभ मात्र अद्याप तशीच चालते.

औषधांविषयी दोन शब्द. १९३७ साली, म्हणजे मुंबईचे केंद्र निघाले त्याच वर्षी, अमेरिकेतील ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली या वैद्याने काही अस्वस्थ मुलांना एक उत्तेजक औषध दिले असता ती आश्चर्यकारकरीत्या अभ्यासाला बसू लागली, आणि मुलांनीच त्या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ असे नाव दिले. अतिचंचलतेसारख्या काही विकारांत योग्य तज्ज्ञाच्या देखरेखीखाली औषध उपकारक असते, ते नाकारणे हा मुलावर अन्याय आहे. आणि जेथे वर्गात साठ मुले व खिडकीबाहेर लाऊडस्पीकर आहे, तेथे प्रथम मुलालाच गोळी देणे हाही अन्यायच.

“आमच्या वेळी नव्हते हे काही” असे म्हणणारे गृहस्थ प्रत्येक सभेत असतात, आणि आजही असतील. त्यांना माझे नम्र निवेदन असे की, त्यांच्या वेळीही हे होते. फक्त त्याची नोंद होत नव्हती. घरातून पळून नाटक कंपनीत शिरणारी मुले, चौथीत नापास होऊन कायमची गुरांमागे गेलेली मुले, अंगात येणाऱ्या मुली, विहिरीत पाय घसरला म्हणून सांगितल्या गेलेल्या सुना, ज्यांतल्या कित्येक शाळकरी वयाच्याच असत, ही सारी त्या वेळचीच माणसे. ‘छडी लागली म्हणून घडलो’ असे जी आत्मचरित्रे सांगतात ती घडलेल्यांनी लिहिलेली आहेत. मोडलेल्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत.

आणि जबानीचा हा सारा प्रकार ज्यांच्या बाबतीत सुरूच होत नाही, अशा मुलांकडे आता वळले पाहिजे, कारण त्यांची संख्याच मोठी आहे. फिर्यादी असल्यावाचून आमच्याकडे प्रकरण उभे राहत नाही. जी मुलगी वर्गात कोणाला त्रास देत नाही, पहिल्या पाचांत येते, आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडते, तिच्याविरुद्ध कोणाचीच तक्रार नसते. सहाव्या वर्षी पाड्यावरून उचलून आश्रमशाळेत ठेवलेला मुलगा, ज्याला तेथील मराठीही धड कळत नाही, तो गप्प असतो म्हणून गुणी समजला जातो. बीडकडून दर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील मूल एक तर आईबापांबरोबर फडावर जाते आणि शाळेला मुकते, किंवा आजीजवळ अथवा हंगामी वसतिगृहात राहते आणि सहा महिने आईबापांना मुकते. त्याचे दुःख हे दुःख म्हणून कोणत्या रकान्यात लिहावयाचे? अनुताई वाघ आणि ताराबाई मोडक यांना कोसबाडला असाच प्रश्न पडला होता, की गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत. आणि त्यांनी शाळाच कुरणात नेली. आमच्या व्यवसायाला अद्याप आपली कुरणशाळा सापडलेली नाही. मुंबई-पुण्याच्या वातानुकूलित खोल्यांत बसून आम्ही ताशी दर सांगतो, आणि ज्यांना तो परवडतो त्यांच्याच मुलांचे दुःख मोजतो.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींत मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. साठांच्या वर्गात चारजण, असे धरा. त्या चारांपैकी कोणी जीव नकोसा झाल्याचे सुचविले, तर त्याला सरळ, शांतपणे, ‘मरून जावेसे वाटते का?’ असे विचारावे. विचारल्याने ती कल्पना मुलाच्या डोक्यात शिरते, ही समजूत निराधार आहे. कोणीतरी विचारल्याने बहुधा ओझे उतरते. १९९६ मध्ये मुंबईतूनच सुरू झालेला १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी आणि २०२२ पासूनचा १४४१६ हा मानसिक आरोग्याचा दूरध्वनी, हे दोन क्रमांक शाळेच्या फलकावर, सुविचाराच्या जागी लिहिले तरी चालतील.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे निर्देश दिले की, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने निदान एक पात्र समुपदेशक नेमावा. निर्देश स्वागतार्ह आहे. परंतु आपल्याकडे हुकूम आणि अंमल यांत किती अंतर पडते ते या सभागृहातील निवृत्त अधिकाऱ्यांना मी सांगावे असे नाही. आज ज्या शाळांत असा समुपदेशक आहे तेथे तो बहुधा वर्षाच्या करारावर आहे, गैरहजर शिक्षकांचे तास घेतो, स्नेहसंमेलनाचे निवेदन करतो, आणि त्याची खोली म्हणजे प्रयोगशाळेच्या मागची, नकाशे ठेवण्याची जागा. त्याहून वाईट म्हणजे, “गप्प बैस, नाहीतर समुपदेशकांकडे पाठवीन” हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. ज्या दाराने शिक्षेसाठी जावे लागते त्या दाराने मूल कधी जबानी देण्यासाठी जाणार नाही.

म्हणून शाळांच्या चालकांपुढे माझे मागणे फार थोडे आहे. समुपदेशकाला मूल्यमापनाचे, शिस्तीचे आणि फी-वसुलीचे कोणतेही काम देऊ नये. मूल त्याच्याकडे तासाच्या मध्येही, कारण न सांगता, जाऊ शकावे. पहिल्याच भेटीत त्याने मुलाला स्पष्ट सांगावे की, येथे बोललेले येथेच राहील. मात्र कोणी तुला इजा करीत असेल, किंवा तूच स्वतःला इजा करणार असशील, तर ते मला मोठ्यांना सांगावे लागेल, आणि तसे सांगण्यापूर्वी मी तुला कळवीन. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांस कळविणे बंधनकारकच केलेले आहे, तेव्हा ती गोष्ट झाकून ठेवण्याचे वचन कोणीही देऊ नये. आणि शेवटचे म्हणजे, या भेटींचे कागद मुख्याध्यापकांच्या कपाटात जाऊ नयेत, समुपदेशक बदलला तरी ते दुसऱ्या समुपदेशकाच्याच ताब्यात द्यावेत, आणि मूल शाळा सोडून जाईल तेव्हा त्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ या शब्दापुढे त्यांतील एक अक्षरही उतरू नये.